जागेवरून हलायचं नाही

मुर्री, १९ नोव्हेंबर

चि. रुची,

मायचा आशीर्वाद घे. नको असेल तर बाजूला ठेव, पण पत्र फाडू नकोस. तुझा नंबर लागत नाही म्हणून हे लिहायला बसले. पत्ता मंजूनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. ती तुझी मैत्रीण आहे, पण मी गोंदियाला तिच्या घरी जाऊन अशी ठाण मांडून बसले की बिचारीला दुसरा इलाजच राहिला नाही. अंगणवाडीत जन्म काढलाय मी. लहान पोरांच्या तोंडून गोष्ट काढून घेणारी बाई, तिथे मंजूचं काय चालणार?

तर ऐक. आम्ही समुद्र बघायला चाललो आहोत. हसू नकोस. तुझा भाऊ वर्षभर गोवा गोवा करत होता. मी म्हटलं, गोवा कशाला, माझं जगन्नाथाचं दर्शन राहिलंय. देवाचं नाव निघालं तशी भुपेंद्रची बोलती बंद. तिकिटं पुरीची निघाली. पुरीहून तुझं कटक किती जवळ आहे ते त्याला ठाऊक नसेल असं नाही, पण तो बोलला नाही आणि मीही बोलले नाही.

तुझ्या बाबूजींना तयार करणं मात्र सोपं नव्हतं. 'समुद्रात पाहाले काय हाये? पानीच ना? आपल्या तलावात नाइ का पानी?' मग मी सांगितलं की पुरीच्या पुढे नदी समुद्राला मिळते, तिथे हिवाळ्यात लांबलांबची पाखरं उतरतात. लगेच दुर्बीण काढून पुसायला बसले. म्हणाले, पहिल्या दिवशी सकाळी आधी पाखरं, मग काय तो तुमचा देव.

यंदा आपल्या खालच्या धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं. बाबूजींनी घरट्याभोवतीचा धान कापू दिला नाही. सगळं शेत रिकामं झालं आणि मध्ये तेवढा तुकडा उभा. पिल्लू चालायला लागेपर्यंत विळा आत गेला नाही. मला राग आला. पाखरासाठी उभा धान सोडणारा माणूस लेकीसाठी एक शब्द सोडत नाही.

चार वर्षं होतील आता. प्रफुल राईस मिलमध्ये मशीन बसवायला आला, तुम्ही दोघांनी कोर्टात लग्न केलं, आणि बाबूजी दारात उभं राहून म्हणाले, 'गेलीस त मांगं वळून पाहू नोको.' तू पिशवी उचललीस आणि खरंच वळली नाहीस. रागाच्या भरात बोललेलं कुणी इतकं मनाला लावून घेतं का? पण तू लेक त्यांचीच.

आणखी एक सांगते. तू पहिली, म्हणून ते मला 'रुचीची माय' अशी हाक मारायचे. तू गेलीस त्या दिवसापासून मी 'भुपेंद्रची माय' झाले. एका दिवसात बदललं त्यांनी, आणि एकदाही जीभ घसरली नाही. इतकं सांभाळून बोलणारा माणूस विसरलेला नसतो, रुची. मी त्यांच्याबरोबर संसार केलाय, मला कळतं.

म्हणून म्हणते, पहिल्या दिवशी सकाळी तू तिथे ये. पाखरं बघताना त्यांच्या अंगात राग राहत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? येशील की नाही तेवढं मंजूला कळव. मी मोबाईलवर काही ठेवत नाही, सुनबाई बघते.

तुझी माय


मुर्री, ८ डिसेंबर

चि. रुची,

मंजूच्या मोबाईलवर तुझे दोन शब्द वाचले. 'येईन म्हणावं.' मी ते इतका वेळ बघत होते की मंजूला दोनदा मोबाईल पुन्हा उजळून द्यावा लागला. तिच्याकडे चहा प्यायले, साखर जास्त होती तरी गोड मानून प्यायले.

आता नीट सांगते. बावीस तारखेला रात्री आम्ही पोहोचू. तेवीसला सकाळी गाडी करून रामचंडीच्या देवळापाशी जाऊ. तिथून वाळूवर उतरलं की डाव्या हाताला सुरूची झाडं आहेत म्हणतात, भुपेंद्रनं मोबाईलवर दाखवलं. तू त्या झाडांच्या टोकाशी, वाळूवर उभी राहा. बाबूजी पाण्याच्या बाजूला असतील. मध्ये वाळूशिवाय काही नाही. दुर्बीण फिरवता फिरवता तू त्यांना दिसशीलच.

मी मध्ये पडणार नाही. मी मध्ये पडले की तुम्ही दोघं एक होता आणि माझ्यावरच तुटून पडता, हा अनुभव आहे मला. भुपेंद्र आणि सुनबाई चहाच्या टपरीवर बसतील, त्यांना फोटोंतून सवड नसते.

आणि माझं एवढं ऐक. धावत जाऊ नकोस. हाक मारू नकोस. चार वर्षांनी एकदम अंगावर आलीस तर तो माणूस घाबरून काहीतरी वाकडं बोलेल आणि मग मागे घेता येणार नाही त्याला. तू आपली उभी राहा. बाबूजींबरोबर सारस मोजायला जायचीस तशी. आठवतं ना? तलावाच्या पाळीवर तुला उभं करायचे, तू सात-आठ वर्षांची. आपली जागा सोडायची नाही, हात वर करायचा नाही, आवाज काढायचा नाही. 'पाखरू आपल्याले पाहून घेते. मंग ते ठरवते, यायचं का नाइ.' पायाला मुंग्या डसल्या तरी तू हलली नव्हतीस. घरी आल्यावर रडलीस, आणि बाबूजी गावभर सांगत फिरले की माझी पोरगी हललीच नाही.

तशीच उभी राहा. ते बघतील, आणि येतील.

प्रफुलरावांना या वेळी आणू नकोस. जावयाचा मान मी पुढच्या वेळी करीन, चांगला करीन. लाल काठाचं धोतर घेऊन ठेवलंय, कुणाला सांगू नकोस. हसतील तर हसोत, ते पँट घालतात हे मला कळतं.

तुझी माय


पुरी, २३ डिसेंबर, दुपारी

रुची,

येणार नव्हतीस तर 'येईन' का म्हणालीस?

मी रात्रभर खोलीवर जागी होते. सकाळी अंधारातच अंघोळ करून तयार झाले. सुनबाई म्हणाली, सासूबाई पाखरं बघायला रेशमी पातळ कशाला नेसता? काय सांगणार होते मी तिला? म्हटलं, समुद्र पहिल्यांदा बघते आहे, त्याचा मान.

समुद्राचं काय सांगू. बाबूजी पाण्यापाशी गेले, इकडून तिकडे बघितलं आणि म्हणाले, 'एवढं पानी, अन् पाळ कुठं हाये?' त्यांच्या आजा-पणजांनी मातीच्या पाळी घालून तलाव बांधले ना. पाणी दिसलं की हे आधी पाळ शोधतात. पाळ नाही म्हटल्यावर त्यांना ते पाणी आवडलंच नाही. पण पाखरं भरपूर होती. कुरव होते, सुरय होते, आणि ती बारकी चिखली, लाट मागे गेली की तिच्यामागे पळायची आणि लाट आली की उलटी पळत यायची. बाबूजी लहान पोरासारखे हसले. मला वाटलं, झालं आपलं काम, आज हा माणूस मऊ आहे.

मी चटई टाकून जरा मागे बसले. लांबचं मला दिसत नाही आता, मोतीबिंदू पिकलाय. सुरूची झाडं म्हणजे एक काळी रेघ दिसत होती. म्हणून मी त्यांच्याकडेच बघत होते. ते हळूहळू दुर्बीण फिरवत झाडांकडे आले आणि तिथे थांबले. बराच वेळ थांबले. मी विचारलं, 'अजी, काय दिसते?' म्हणाले, 'एक हाये. एकटंच.' मी म्हटलं, 'कोनतं पाखरू?' मी उठायला लागले तर हात मागे करून मला थांबवलं. 'हलू नोको.' कुजबुजल्यासारखं बोलले.

मग किती वेळ ते तसेच उभे. हात भरून आले तरी दुर्बीण खाली नाही. एकदा खाली घेतली, गमछ्यानं काच पुसली, समुद्राच्या हवेनं धूसर होते म्हणाले, आणि पुन्हा लावली. भुपेंद्रनं टपरीवरून चहासाठी हाका मारल्या, त्याच्यावर असे डोळे काढले की तो बिचारा तिथेच गप्प. ऊन चांगलं तापलं. मग त्यांनी दुर्बीण गळ्यात सोडली आणि वाळूवर बसले. म्हणाले, 'गेलं.' मला राग आला, एका पाखरासाठी एवढं काय. मी डोळे ताणताणून त्या काळ्या रेघेकडे बघत होते, तू कधी येतेस म्हणून.

एक गोष्ट लिहिते, तिचा तुला काही उपयोग नाही. परत येताना वाळूत माझा पाय अडखळला तेव्हा त्यांनी मला धरलं आणि म्हणाले, 'सांभाळून, रुचीची माय.' तोंडातून निघून गेलं असेल. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते पाण्याकडे बघत होते.

तू आली असतीस तर आजचा दिवस होता ग. चार वर्षांत असा दिवस आला नव्हता. मी सगळं जुळवून आणलं, देवाचं नाव घेऊन पोराशी खोटं बोलले, आणि तुला कटकहून एवढंसं यायला जमलं नाही. तुलाही बापासारखाच गर्व आहे. दोघं मिळून माझा जीव घ्या.

उद्या पुन्हा तिथेच जायचं म्हणतात. देऊळ नको, बाजार नको, तिथेच.

हे पत्र इथल्याच पेटीत टाकते. लवकर पोहोचेल.

माय


मुर्री, १५ जानेवारी

रुची, माझी बाय,

काल संक्रांतीचं वाण घ्यायला मंजू आली होती. हळदीकुंकू लावून घेतलं आणि रडायलाच लागली. बाकीच्या बाया बघत राहिल्या. मी तिला आत धान्याच्या कोठीपाशी नेलं आणि तिनं सगळं सांगितलं.

तू आली होतीस.

आदल्या रात्रीच येऊन कोणाकडे तरी राहिलीस. उजाडायच्या आत सुरूच्या झाडांच्या टोकाशी उभी होतीस, मी सांगितलं तिथे, मी सांगितलं तशी. बाबूजींनी दुर्बीण तुझ्यावर धरली. तुला कळत होतं की ते तुलाच बघताहेत. त्यांनी ती खाली घेतली, तुला वाटलं आता येतील, आणि त्यांनी पुन्हा लावली. तू उभी राहिलीस. ऊन आलं तरी उभी राहिलीस. मग तुला वाटलं, हा माणूस मला तमाशासारखा बघतो आहे. आणि तू गेलीस. मागे वळली नाहीस, कारण वळू नको असं त्यांनी सांगितलं होतं.

आणि त्यावर माझं पत्र तुझ्या हातात पडलं. येणार नव्हतीस तर येईन का म्हणालीस. तू मंजूला म्हणालीस म्हणे, 'बाबूजींनी मला बघितलं आणि मायला सांगितलंसुद्धा नाही.' रुची, मला खरंच माहीत नव्हतं. आपल्या लेकरापासून हाकेच्या अंतरावर मी चटईवर बसले होते, रेशमी पातळ नेसून, आणि मला एक काळी रेघ दिसत होती.

मंजू गेल्यावर मी बाबूजींकडे गेले. ते गोठ्यात होते. मी विचारलं, 'तिथं रुची होती?' त्यांनी बादली खाली ठेवली. 'हो.'

'तुमी ओळखलं तिले?'

'उभ्या राहण्यावरून ओळखलं. एका पायावर भार देऊन उभी होती. तोंड नंतर दिसलं. वाळली हाये लय.'

'मंग गेले काऊन नाइ जी?' मी ओरडले. चार घरं ऐकत असतील, ऐकू देत.

ते मला समजावून सांगायला लागले, अगदी हळू, जसं तुला पाळीवर सांगायचे. 'ते मले पाहून घेऊन राहिली होती. मी म्हटलं, पाहू दे. तिचा राग होता माह्यावर, तिले ठरवू दे. मी हललो असतो त गेली असती. ते एक पाऊल टाकन, मंग मी जाईन, असं धरून होतो. तिनं टाकलंच नाइ.'

तिला पाऊल टाकू नको म्हणून मीच सांगितलं होतं. मला ते त्यांना सांगावंच लागलं. त्यांनी ऐकलं. बादली उचलली, आणि म्हशीला पाणी दाखवायच्या ऐवजी ते सगळं अंगणात ओतून टाकलं.

मी विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलं? म्हणाले, 'तू धावली असतीस.'

हो, धावले असते. गुडघे गेले असते तरी धावले असते. म्हणूनच त्यांनी हात मागे करून मला बसवलं. आणि नंतर का नाही सांगितलं, तर म्हणे, वाटलं दुसऱ्या दिवशी येईल. पाखरू एकदा जागा बघून जातं आणि दुसऱ्या दिवशी उतरतं. म्हणून ते उरलेले तिन्ही दिवस तिथे जाऊन उभे राहिले. भुपेंद्रनं जगन्नाथाचं दर्शन आम्हाला ओढून नेऊन घडवलं, तिथेही हे बाहेरच.

रुची, तू कुणाचं ऐकलं नाहीस असं नातेवाईक म्हणतात. तू सगळ्यांचं सगळं ऐकलंस. मी उभी राहा म्हटलं, उभी राहिलीस. बाप वळू नको म्हणाला, वळली नाहीस. एखादं तरी मोडायचं होतंस ग.

मंजू म्हणते, प्रफुलरावांनी कुठे लांब दुसरं काम धरलंय आणि तुम्ही कटक सोडताय. पत्ता तिलाही देणार नाहीस म्हणालीस. हे पत्र त्याआधी पोहोचू दे. बाबूजींनी तुला तमाशासारखं बघितलं नाही. ते काच पुसत होते ती समुद्राच्या हवेनं धूसर झाली नव्हती. एवढं वाच, मग जा कुठे जायचं तिथे.

तुझी माय


मुर्री, १६ जून

रुची,

जानेवारीचं पत्र परत आलं. चुन्नीलाल पोस्टमननं दारातून हाक मारून दिलं, पाकिटावर उडियात काहीतरी लिहिलंय आणि शिक्का आहे. मंजूचा तुझ्याशी काही संबंध राहिलेला नाही. भुपेंद्र कटकला जाऊन आला. शेवटी मी त्याला सगळं सांगितलं, तो रागावला नाही, त्याच रात्री गाडीत बसला. तुमच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड आहे. घरमालकाला काही माहीत नाही. मिलवाल्यांनी सांगितलं, प्रफुल दक्षिणेकडे गेला. दक्षिण केवढी मोठी आहे.

मग मी हे कुठे पाठवणार आहे? कुठेच नाही. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही.

परवा सारसाची मोजणी होती. बाबूजी जाणार नाहीत असं वाटलं होतं. पुरीहून आल्यापासून दुर्बीण खुंटीवरच आहे, तिच्यावर धूळ बसली, मी पुसली नाही. पण पहाटे उठून तयार झाले. मला म्हणाले, चाल. मला कधीच नेलं नव्हतं, मी बडबड करते म्हणून.

तुझ्या त्याच पाळीवर उभे राहिलो. दुर्बीण आणलीच नव्हती. उजाडलं तेव्हा आपल्या बांधीतली जोडी आली, सोबत पिल्लू, आता आईएवढं झालंय. ज्याच्यासाठी धान ठेवला होता ते. इतकी जवळ उतरली की मलासुद्धा दिसली. पलीकडच्या पाळीवर मोजणीला आलेला दुधराम आणि बाकीची मंडळी आपापल्या जागी श्वास धरून उभी.

आणि बाबूजी चालायला लागले. पाळ उतरून सरळ चिखलात. हात पसरून, चपला चिखलात सोडून, सारसांच्या रोखानं. दुधराम ओरडला, 'सुकरामभाऊ, का करून राहिले? उडतीन ना!' ते थांबले नाहीत. जोडी मान वर करून ओरडली आणि तिघंही उडाले, तलावावरून गेले ते दिसेनासे झाले. मोजणी बिघडली. लोक संतापले, कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

ते गुडघाभर चिखलात उभे होते. मी पाळीवरून उतरत उतरत, दोनदा बसत, त्यांच्यापर्यंत गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रुची, असा चेहरा मी त्यांच्या आईच्या मयतीलाही बघितला नव्हता. म्हणाले, 'पाहिलं? हललो त उडाले. उडालेच ना?'

मला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांना रात्री झोप लागली असती. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं. पण माझ्या तोंडून निघालंच, 'अजी, ते पाखरं होते.'

मग आम्ही घरी आलो. त्यांचे पाय मी धुतले. तेव्हापासून ते कुठे जात नाहीत, ओसरीवर बसतात, वाटेकडे तोंड करून. कुणी आलं तरी उठत नाहीत.

आता मला रोज रुचीची माय म्हणून हाक मारतात. पाणी हवं असलं तरी, विडी हवी असली तरी. कधी काहीच नको असतं, नुसतीच हाक असते. मी हातातलं काम टाकून ओ देते.

रुचीची माय